व्हिक्टोरियाकालीन दफनभूमी-स्मारकांचे छायाचित्रण

ग्रेट ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) सार्वजनिक दफनभूमींत उभारण्यात आलेली थडगी, शिल्पे व समाधिगृहे यांची अभ्यासासाठी, नोंदीसाठी किंवा कलात्मक हेतूने छायाचित्रे घेण्याचे तंत्र. या स्मारकांवरील कोरीव लेख व प्रतीकात्मक शिल्पे हवामानाने व प्रदूषणाने झिजत असल्यामुळे त्यांचे छायाचित्र हा अनेकदा त्यांविषयीचा अखेरचा पुरावा ठरतो. म्हणून या छायाचित्रणात तांत्रिक कौशल्याबरोबरच दगडांचे प्रकार, तत्कालीन धर्मकल्पना व प्रतीकांची परिभाषा यांचे ज्ञानही आवश्यक असते.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत इंग्लंडमधील बहुतेक दफने चर्चच्या आवारात होत असत. लंडनची लोकसंख्या १८०१ मध्ये सु. १० लाख होती. ती १८४१ पर्यंत जवळजवळ दुप्पट झाली. चर्चची लहान आवारे अपुरी पडू लागली, जुन्या थडग्यांवर नवी दफने होऊ लागली आणि १८३१-३२ मधील पटकीच्या साथीने हा प्रश्न अधिकच तीव्र झाला. जॉर्ज ॲल्फ्रेड वॉकर या शल्यचिकित्सकाने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या आवारांची भयानक स्थिती लोकांपुढे मांडली. पॅरिस येथे १८०४ मध्ये सुरू झालेल्या पेअर लाशेझ या उद्यानसदृश दफनभूमीचा आदर्श समोर ठेवून ब्रिटनमध्ये खाजगी कंपन्यांनी शहराबाहेर विस्तीर्ण दफनभूमी उभारल्या. लंडनभोवती केन्सल ग्रीन (१८३३), वेस्ट नॉरवुड (१८३७), हायगेट (१८३९), ॲब्नी पार्क, नन्हेड व ब्रॉम्प्टन (तिन्ही १८४०) आणि टॉवर हॅम्लेट्स (१८४१) अशा सात दफनभूमी अस्तित्वात आल्या. १८५२ च्या कायद्याने लंडनमधील भरून गेलेली जुनी आवारे बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला.

या नव्या दफनभूमींत थडग्याची जागा विकत घेता येत असे व तीवर कुटुंबाला कायमचा हक्क मिळत असे. चर्चच्या आवारात सामान्य माणसाला सहसा न मिळणारी ही शाश्वती होती. व्यापारउदिमाने संपन्न झालेल्या मध्यमवर्गाने तिचा पुरेपूर लाभ घेतला. वळणावळणाचे रस्ते, निवडक वृक्ष व उंचसखल भूमी यांच्या पार्श्वभूमीवर स्मारके उभी राहिली. जॉन क्लॉडियस लाउडन या उद्यानतज्ञाने १८४३ मध्ये दफनभूमींच्या आखणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रिन्स ॲल्बर्टच्या निधनानंतर (१८६१) राणीने अखेरपर्यंत पाळलेल्या दुखवट्यामुळे शोकाच्या बाह्य आचाराला समाजात विशेष प्रतिष्ठा प्राप्त झाली.

स्मारकांचे प्रकार व दगड : उभी शिळा, जमिनीवर आडवी शिळा, पेटीच्या आकाराचे थडगे, कलश ठेवलेला चौथरा, स्तंभ, ऑबेलिस्क, क्रूस, देवदूताची मूर्ती आणि संपूर्ण कुटुंबासाठी बांधलेले समाधिगृह हे प्रमुख प्रकार होत. त्यांच्या घडणीत ग्रीक-रोमन, ईजिप्शियन व गॉथिक या शैलींची सरमिसळ आढळते. नेपोलियनच्या ईजिप्त-मोहिमेनंतर (१७९८) यूरोपात पसरलेल्या ईजिप्शियन अभिरुचीचा नमुना म्हणून हायगेट येथील ‘ईजिप्शियन ॲव्हेन्यू’ या समाधिमार्गाचा निर्देश करता येईल. केन्सल ग्रीन येथील अँड्र्यू डुक्रो (मृत्यू १८४२) या सर्कशीतील अश्वपटूचे स्मारकही याच शैलीचे असून त्यावर स्फिंक्सच्या मूर्ती आहेत. गॉथिक शैलीचा पुरस्कर्ता वास्तुशिल्पज्ञ ए. डब्ल्यू. एन. प्यूजिन याने १८४३ मध्ये दफनभूमींच्या अशा ईजिप्शियन प्रवेशद्वारांची टर उडवली होती. ख्रिस्ती माणसाच्या थडग्यावर ख्रिस्तपूर्व धर्माची चिन्हे असू नयेत, असे त्याचे म्हणणे होते.

दगडाचा प्रकार छायाचित्रकाराच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असतो. पोर्टलंडचा चुनखडक व कराराचा पांढरा संगमरवर हे दोन्ही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटाचे बनलेले असतात. दगडी कोळशाच्या धुरातील सल्फर डाय-ऑक्साइडाशी त्यांची विक्रिया होऊन पृष्ठभागाचे जिप्सममध्ये रूपांतर होते. पाऊस लागणाऱ्या भागावरून ते धुऊन जाते व कोरीव काम बोथट होते. आडोशाच्या भागी मात्र काजळीमिश्रित काळी खपली साचते. झिजलेला संगमरवर स्पर्शाला साखरेसारखा रवाळ लागतो. वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि त्यांबरोबर संपूर्ण लेख एकाच वेळी नाहीसा होऊ शकतो. ग्रॅनाइट सर्वांत टिकाऊ होय. ॲबर्डीन येथील अलेक्झांडर मॅक्डॉनल्ड याने वाफेच्या शक्तीने ग्रॅनाइट कापण्याची व त्याला झिलई देण्याची पद्धत प्रचारात आणल्यानंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला. संगमरवरावर पुष्कळदा अक्षरांच्या खाचांत शिसे ठोकून बसवत. शिसे गळून पडल्यावरही खिळ्यांसाठी पाडलेल्या छिद्रांच्या मांडणीवरून अक्षरे ओळखता येतात. त्यामुळे अशा छिद्रांचे स्पष्ट छायाचित्र घेणे उपयुक्त ठरते.

प्रतीके : व्हिक्टोरियाकालीन स्मारकांवरील प्रतीके स्थूलमानाने चार वर्गांत विभागता येतात. (१) मृत्यू व काल यांची प्रतीके : उलटी धरलेली मशाल (विझलेले आयुष्य), पंख असलेले वाळूचे घड्याळ (वेगाने सरणारा काल), मोडलेला स्तंभ (अकाली खुंटलेले आयुष्य, अनेकदा कुटुंबाचा आधार असलेल्या पुरुषाचे) आणि वस्त्राने अंशतः झाकलेला कलश. हा कलश प्राचीन रोमन लोकांच्या अस्थिकलशावरून घेतलेला आहे. ज्या समाजात त्या काळी दहनाची प्रथा नव्हती, त्याच समाजात तो अत्यंत लोकप्रिय ठरला, ही गोष्ट लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये दहनाचा पुरस्कार करणारी संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली आणि वोकिंग येथील दाहगृहात पहिले दहन १८८५ मध्ये झाले. (२) श्रद्धा व पुनरुत्थान यांची प्रतीके : क्रूस, नांगर (आशा), कबुतर (पवित्र आत्मा किंवा शांती), आल्फा व ओमेगा ही ग्रीक अक्षरे (आदी व अंत), झावळी (मृत्यूवरील विजय), फुलपाखरू (देहमुक्त आत्मा) आणि स्वतःचे शेपूट गिळणारा सर्प (अनंतत्व). तीन पायऱ्यांवर उभ्या असलेल्या क्रूसाच्या पायऱ्या श्रद्धा, आशा व प्रेम सुचवितात. क्रूस हे कॅथलिक पंथाचे चिन्ह मानले जात असल्याने प्रॉटेस्टंट थडग्यांवर तो प्रारंभी क्वचितच आढळतो. चर्चमधील गॉथिक पुनरुज्जीवनाच्या चळवळीनंतर तो सर्वत्र रूढ झाला. (३) वनस्पती : आयव्हीचा वेल (सदाहरित असल्याने अमर स्मृती), विलो वृक्ष (शोक), लिली (पावित्र्य), अफूचे बोंड (चिरनिद्रा), गव्हाची पेंढी (पूर्ण पिकलेले दीर्घ आयुष्य) आणि देठापासून तुटलेली गुलाबकळी (बालक किंवा तरुणी). (४) व्यवसाय व नाती यांची चिन्हे : एकमेकांत गुंफलेले हात (पतिपत्नींचा निरोप व पुनर्भेटीची आशा), रिकामी खुर्ची, उघडा ग्रंथ, काटकोन्या व कंपास (फ्रीमेसन संघटना) आणि मृताच्या व्यवसायाची साधने.

बालकांच्या थडग्यांवर निजलेले कोकरू कोरण्याची प्रथा होती. इंग्लंड व वेल्समध्ये त्या शतकात जन्मणाऱ्या दर हजार अर्भकांपैकी सु. १५० अर्भके वर्षाच्या आत दगावत असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा शिल्पामागील दुःखाची व्याप्ती कळून येते. एकाच शिळेवर चार-पाच भावंडांची नावे व त्यांपुढे महिन्यांत मोजलेली वये असे लेखही आढळतात.

काही स्मारकांवर मृताचे व्यक्तिमत्त्व थेट प्रकट होते. हायगेट येथे फिरत्या प्राणिसंग्रहाचा मालक जॉर्ज वॉम्बवेल (मृत्यू १८५०) याच्या थडग्यावर त्याचा सिंह पहुडलेला दाखविला आहे, तर टॉम सेयर्स (मृत्यू १८६५) या मुष्टियोद्ध्याच्या थडग्याशी त्याचा कुत्रा बसलेला आहे. घोडागाडीने लंडन–ब्रायटन–लंडन हा प्रवास आठ तासांच्या आत करणारा गाडीवान जेम्स सेल्बी (मृत्यू १८८८) याच्या थडग्यावर चाबूक व घोड्याचे नाल आहेत.

प्रतीकांचा अर्थ लावताना घ्यावयाची दक्षता : प्रतीकांचे कोष्टक पाठ करून प्रत्येक शिल्पाला एकच ठराविक अर्थ चिकटविणे धोक्याचे असते. पाथरवटांच्या कारखान्यांत नमुन्यांची पुस्तके असत व गिऱ्हाईक त्यांतून ऐपतीप्रमाणे निवड करी. त्यामुळे एखादे प्रतीक विशिष्ट श्रद्धेपेक्षा तत्कालीन रूढीचे किंवा किंमतीचे द्योतक असू शकते. खरा भग्न स्तंभ व मुद्दाम मोडलेल्या रूपात घडविलेला स्तंभ यांतील फरक केवळ जवळून घेतलेल्या छायाचित्रातच कळतो : घडविलेल्या स्तंभाचा वरचा छेद कोरीव व कडा मुद्दाम घाट दिलेल्या असतात, अपघाताने तुटलेल्या स्तंभाचा छेद ओबडधोबड असून ताजा दगड उघडा पडलेला दिसतो. नांगराचा अर्थ आशा असा असला, तरी मृत व्यक्ती खलाशी असल्यास त्याला व्यवसायाचाही अर्थ प्राप्त होतो. म्हणून प्रतीक व लेख ही दोन्ही एकत्र वाचता येतील असे छायाचित्र घेणे आवश्यक ठरते.

छायाचित्रणाचा प्रारंभ : छायाचित्रणाची कला व उद्यानसदृश दफनभूमी या दोन्ही गोष्टी ब्रिटनमध्ये जवळजवळ एकाच काळात उदयास आल्या. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल व रॉबर्ट ॲडमसन यांनी १८४३ नंतरच्या चार-पाच वर्षांत एडिंबरो येथील ग्रेफ्रायर्स चर्चच्या आवारातील जुन्या थडग्यांची छायाचित्रे कॅलोटाइप पद्धतीने घेतली. त्या पद्धतीत कागदावरील रसायनाला दीर्घकाळ प्रकाश द्यावा लागे. त्यामुळे भरपूर सूर्यप्रकाशात स्थिर राहणारे दगड हा विषय तिला अनुकूल होता. पुढे ओल्या कलोडियनची पद्धत शोधून काढणारा (१८५१) फ्रेडरिक स्कॉट आर्चर १८५७ मध्ये मरण पावला व केन्सल ग्रीन येथेच त्याचे दफन झाले. चलच्चित्रणाच्या आद्य प्रयोगकर्त्यांपैकी एक विल्यम फ्रीझ-ग्रीन (मृत्यू १९२१) याचे थडगे हायगेट येथे आहे. छायाचित्र थेट स्मारकावरच बसविण्याची कल्पनाही याच काळातील होय. चिनीमातीच्या तबकडीवर छायाचित्र भाजून पक्के करण्याच्या पद्धतीचे एकस्व फ्रान्समध्ये १८५४ मध्ये घेण्यात आले.

प्रकाशयोजना : झिजलेला लेख वाचता यावा यासाठी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असा तिरपा प्रकाश लागतो. असा प्रकाश अक्षरांच्या उथळ खाचांच्या एका कडेवर पडतो व दुसरी कड सावलीत राहते. परिणामी समोरून पाहताना न दिसणारी अक्षरे उठून दिसतात. ख्रिस्ती परंपरेनुसार मृताचे डोके पश्चिमेकडे व पाय पूर्वेकडे ठेवीत. परंतु व्हिक्टोरियाकालीन दफनभूमींत पुष्कळ शिळा रस्त्याकडे तोंड करून उभ्या आहेत. म्हणून होकायंत्राने प्रत्येक शिळेची दिशा आधी पाहून घ्यावी लागते. पूर्वाभिमुख शिळेवर दुपारी बाराच्या थोडे आधी व पश्चिमाभिमुख शिळेवर थोडे नंतर तिरपा प्रकाश पडतो. दक्षिणाभिमुख शिळेसाठी उन्हाळ्यातील सकाळ किंवा संध्याकाळ योग्य होय. उत्तराभिमुख शिळेवर लंडनसारख्या ठिकाणी उन्हाळ्यातील अगदी पहाटेचे किंवा मावळतीचे ऊन तेवढे पोहोचते. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून केवळ सु. १५° उंचीवर असतो. त्यामुळे तेथे हिवाळ्यात पानगळीनंतर मोकळ्या झालेल्या जागी दिवसभर तिरपा प्रकाश मिळू शकतो.

सावलीतील शिळेसाठी मोठा आरसा उपयोगी पडतो. साहाय्यकाने उन्हात उभे राहून आरशाने सूर्यप्रकाश शिळेच्या एका बाजूने तिच्यावर टाकावा व आरसा हळूहळू फिरवून अक्षरे सर्वाधिक स्पष्ट दिसतील तो कोन निवडावा. कॅमेऱ्यापासून दूर, शिळेच्या बाजूला ठेवलेल्या फ्लॅशनेही हाच परिणाम साधतो. कॅमेऱ्यावरच बसविलेला फ्लॅश मात्र समोरून प्रकाश टाकून सर्व सावल्या नष्ट करतो. म्हणून तो टाळावा. पूर्णाकृती मूर्तींच्या बाबतीत नियम बदलतो : देवदूताच्या चेहऱ्यावर कडक ऊन पडल्यास डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात व भाव हरवतो. अशा वेळी पातळ ढगांतून येणारा मृदू प्रकाश अधिक चांगला.

उपकरणे व कार्यपद्धती : कॅमेरा तिपाईवर ठेवून भिंगाचा अक्ष शिळेच्या मध्याशी काटकोनात राहील असा लावावा, अन्यथा शिळेच्या समांतर कडा एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. उंच ऑबेलिस्कसाठी अक्षाची जागा सरकवता येणारे भिंग वापरतात किंवा दूर अंतरावरून लांब नाभीय अंतराच्या भिंगाने छायाचित्र घेतात. प्रकाशमापक प्रत्येक वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे त्याच्या निर्देशाप्रमाणे घेतलेल्या छायाचित्रात पांढरा संगमरवर मळकट येतो व काळा ग्रॅनाइट फिकट दिसतो. संगमरवरासाठी दर्शविलेल्यापेक्षा अधिक आणि गडद ग्रॅनाइटसाठी कमी प्रकाश द्यावा लागतो. झिलईदार ग्रॅनाइटवर आकाशाचे व झाडांचे प्रतिबिंब पडून लेख झाकला जातो. हे प्रतिबिंब ध्रुवणकारक फिल्टरने बरेच कमी करता येते. पृष्ठभागाच्या लंबाशी सु. ५५° चा कोन करून पाहिल्यास हा फिल्टर सर्वाधिक परिणामकारक ठरतो. कृष्णधवल छायाचित्रणात हिरव्या फिल्टरमुळे वेलींची पाने उजळ येतात व त्यांची गुंतागुंत दिसते. नारिंगी फिल्टरमुळे निळे आकाश गडद होऊन पांढरी मूर्ती उठून दिसते.

नोंदीसाठी प्रत्येक स्मारकाची किमान चार प्रकारची छायाचित्रे घेण्याची पद्धत श्रेयस्कर होय : परिसरासह दूरचे दृश्य, संपूर्ण स्मारक, लेख, आणि प्रत्येक प्रतीकाचे जवळचे दृश्य. एका छायाचित्रात मापपट्टी व उत्तर दिशा दर्शविणारा बाण असावा. पाथरवटाचे नाव बहुधा चौथऱ्याच्या तळाशी लहान अक्षरांत कोरलेले असते. ते सुटू देऊ नये. लेखाचे हस्तलिखित टिपणही त्याच ठिकाणी करावे, कारण डोळ्यांना व बोटांना जाणवणारे अक्षर छायाचित्रात उतरेलच असे नाही.

आधुनिक काळात अंकीय तंत्रांनी या कामात मोठी भर घातली आहे. कॅमेरा स्थिर ठेवून वेगवेगळ्या दिशांनी प्रकाश टाकत अनेक छायाचित्रे घेतात व त्यांचा संगणकावर संयोग करून प्रकाशाची दिशा हवी तशी बदलून पाहता येते; या पद्धतीचा पाया टॉम मॅल्झबेंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये घातला. अनेक कोनांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून स्मारकाची त्रिमितीय प्रतिकृतीही तयार करतात. छायाचित्रांवरून वास्तूची मापे काढण्याची मूळ कल्पना मात्र जुनी असून जर्मन वास्तुविशारद आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर याने ती १८५८ मध्ये मांडली होती.

पथ्ये : अक्षरे उठून दिसावीत म्हणून शिळेवर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळण्याची प्रथा एके काळी रूढ होती, ती हानिकारक आहे. या पदार्थांचे अवशेष दगडाच्या छिद्रांत राहतात व घासताना सैल कण निघून जातात. तारेच्या ब्रशाने एका दिवसात होणारी झीज पावसाने अनेक वर्षांत होत नाही. शैवाक व आयव्ही खरवडून काढल्यास त्यांबरोबर दगडाचा पापुद्राही निघू शकतो. जुनी स्मारके आतून खिळखिळी झालेली असतात. त्यांना टेकणे किंवा त्यांवर चढणे जिवावर बेतू शकते. दफनभूमीच्या व्यवस्थापनाची अनुमती घेणे, चालू अंत्यविधींपासून दूर राहणे व अलीकडील थडग्यांच्या संदर्भात नातलगांच्या भावनांचा मान राखणे ही या छायाचित्रणाची किमान पथ्ये होत.

भारताशी संबंध : ब्रिटनमधील या दफनभूमींत काही भारतीयांचीही स्मारके आहेत. ब्रिस्टल येथे १८३३ मध्ये निधन पावलेल्या राजा राममोहन रॉय यांचे अवशेष १८४३ मध्ये आर्नोज व्हेल या दफनभूमीत हलविण्यात आले व त्यांवर भारतीय पद्धतीची छत्री उभारण्यात आली. द्वारकानाथ टागोर (मृत्यू १८४६) यांचे दफन केन्सल ग्रीन येथे झाले. लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या ब्रुकवुड या विस्तीर्ण दफनभूमीत (स्थापना १८५४) पारशी समाजाचा स्वतंत्र विभाग असून मुंबईचे उद्योगपती जमशेटजी टाटा (मृत्यू १९०४) यांचे समाधिगृह तेथे आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन झाले. तेथे नदीसंगमावर हिंदू रीतीने त्यांचे दहन करण्यात आले व १८७४ मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारण्यात आला. त्याचा शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर हा होय. दफनभूमीबाहेरचे असले, तरी यूरोपीय अर्धपुतळा व भारतीय छत्री यांचा त्यातील संयोग व्हिक्टोरियाकालीन स्मारककल्पनेचे उत्तम उदाहरण आहे.

मुंबईत आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर असताना शिवडी येथे यूरोपीय धर्तीची दफनभूमी करण्यात आली. व्हिक्टोरिया टर्मिनसचा (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) वास्तुशिल्पज्ञ एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) याचे दफन तेथेच झाले. येथील छायाचित्रणाच्या अडचणी लंडनपेक्षा वेगळ्या आहेत. मे ते जुलै या काळात मुंबईत मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे शिळा कोणत्याही दिशेची असली, तरी तिच्यावर वरून खाली तिरपा प्रकाश पडतो. यात अक्षरांच्या आडव्या रेषा स्पष्ट होतात, पण उभ्या रेषा पुसट राहतात. म्हणून सकाळच्या किंवा दुपारनंतरच्या बाजूच्या प्रकाशात दुसरे छायाचित्र घेणे इष्ट ठरते. पावसाळ्यात वाढणारे शेवाळ व खारी हवा यांमुळे पाऊस ओसरल्यानंतरचे कोरडे महिनेच अधिक सोयीचे असतात. दक्षिण आशियातील यूरोपीय दफनभूमींच्या नोंदी व छायाचित्रे संकलित करण्यासाठी १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली असून तिचा संग्रह ब्रिटिश ग्रंथालयात ठेवलेला आहे.

महत्त्व व मर्यादा : पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) प्रचंड मनुष्यहानीनंतर शोकाचे अवडंबर मागे पडले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धस्मशान आयोगाने अधिकारी व शिपाई असा भेद न करता सर्वांसाठी एकसारख्या साध्या शिळांचा अवलंब केला. जागांची विक्री थांबताच दफनभूमी-कंपन्यांचे उत्पन्न आटले, देखभाल थांबली व अनेक दफनभूमी झाडाझुडपांखाली गेल्या. हायगेटच्या पश्चिम भागाची हीच अवस्था झाल्यावर १९७५ मध्ये नागरिकांनी संस्था स्थापून तिच्या संरक्षणाचे कार्य हाती घेतले. अशा प्रयत्नांत जुनी छायाचित्रे अत्यंत मोलाची ठरतात. कोसळलेल्या स्मारकाची मांडणी, हरवलेल्या मूर्तीची मुद्रा किंवा झिजलेले नाव त्यांवरूनच निश्चित करता येते.

तथापि या छायाचित्रांना एक मूलभूत मर्यादा आहे. हायगेट येथे सु. ५३,००० थडग्यांत सु. १,७०,००० लोकांचे दफन झाले आहे. स्वतंत्र जागा विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना अशा दफनभूमींत सामायिक थडग्यांत पुरले जाई व त्यांवर बहुधा कोणतीही शिळा नसे. त्यामुळे केवळ सुंदर स्मारकांच्या छायाचित्रांवरून त्या समाजाचे चित्र रेखाटल्यास ते संपन्न वर्गापुरतेच मर्यादित राहते. म्हणून साक्षेपी छायाचित्रकार भव्य समाधिगृहांबरोबरच लहान, साध्या व नावे पुसट झालेल्या शिळांची आणि रिकाम्या दिसणाऱ्या हिरवळीचीही नोंद ठेवतो. दफनवहीतील नावे व अशी छायाचित्रे यांची सांगड घातल्यावरच त्या भूमीचा इतिहास पुरा होतो.